मांडवातली पांढरी गाडी

माझ्या सख्ख्या चुलत्यानं, दत्तूकाकानं, मला फसवलं. हळद लागलेल्या अंगानं मी मांडवात बसले होते आणि त्यानं आपली चोरी माझ्या पदरात टाकून हात झटकले. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नात्यागोत्यात हा प्रसंग निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितला जातो. एका तऱ्हेत चावी मी चोरलेली असते. दुसऱ्या तऱ्हेत नवऱ्याकडची माणसं हलक्या काळजाची असतात. तिसऱ्या तऱ्हेत सगळा दोष हळदीचा असतो. हळदीचा काडीचाही दोष नव्हता.

आज कर्जतला आणि खालापूरच्या फाट्याजवळ माझी गाड्या धुण्याची आणि पॉलिशची दुकानं आहेत. पोरं त्याला डिटेलिंग म्हणतात, मी घासणं म्हणते. ताई दराला कडक आहे, ताईच्या तोंडाला लागू नका, असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगतात. खरं आहे ते. समोरचा माणूस काय मागतो यापेक्षा न मागता काय देऊ करतो, तिकडं मी बघते. न मागितलेली वस्तू पुढं करणारा माणूस काहीतरी झाकत असतो. हा धडा मला कुठल्या बाजारात मिळाला नाही, माझ्याच सुपारीच्या बैठकीत मिळाला. तेव्हा मात्र तो धडा आहे हे कळायला मी फार लहान होते, आणि फार खूशही होते.

आमचं घर कोंडाण्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. पुढं अंगण, अंगणापुढं रस्ता. अंगणाखाली कातळ, त्यामुळं झाड कधी धरलंच नाही. एक शेवगा तेवढा होता, आणि शेवग्याची सावली म्हणजे चाळणीतून पडलेलं ऊन. उन्हाळ्यात आई दुपारची भांडी घासायला घराच्या मागं जायची, कारण पुढं ठेवलेलं पातेलं रिकामंच तापायचं. बाबा भाताच्या गिरणीत कामाला होते. अंगावर, भुवयांवर कायम कोंडा. बोलणं कमी. संध्याकाळी ओट्यावर बसून ते घाटातून चढणाऱ्या मालगाडीचा आवाज ऐकत. मागून ढकलणाऱ्या इंजिनांचा दम लागल्यासारखा आवाज येई, तो थांबला की म्हणत, "चढली एकदाची." आई चुलीवर सुकट भाजत असे, तिचा वास अख्ख्या आळीत जाई. तांदळाची भाकरी, सुकट, कैरीची फोड, एवढ्यावर आमचा उन्हाळा निघायचा, आणि मला तो अजूनही पुरेसा वाटतो.

भिंतीला भिंत लावून दत्तूकाकाचं घर. बाबांचा धाकटा भाऊ, पण आवाज त्याचाच. तो मुंबईच्या एका साहेबांच्या बंगल्यावर राखणदार होता. साहेब परदेशात असायचे, बंगला काकाच्या हातात. मला तिथं झाडलोटीचं काम काकानंच लावून दिलं होतं, आणि ते तो वेळोवेळी बोलून दाखवायचा. बंगल्याच्या आवारात आंब्याखाली एक पांढरी गाडी उभी असे. तिच्यावर फाटकी ताडपत्री, ताडपत्रीवर पाचोळा. मी तिच्याभोवती झाडून काढी, पण गाडी आत कशी दिसते ते मला ठाऊक नव्हतं.

माझं लग्न ठरलं ते कशेळ्याच्या पुढच्या एका गावात. मुलगा खोपोलीला कारखान्यात होता. माणसं साधी. सुपारी फुटायच्या बैठकीत त्यांनी काहीही मागितलं नाही. मुलाचा मामा, जाड मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस, म्हणाला, "आमाला पोरगी आवडली. दुसरं काय नको." इथं बैठक संपायला हवी होती. पण दत्तूकाकाला ते सोसलं नाही. त्यानं मांडीवर हात मारला आणि म्हणाला, "पाव्हणं, आमची पोर काय टेंपोतनं यायची नाय. दारात घरची गाडी हाय आमच्या. पांढरी. तिच्यातनं येईल." बाबांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मी दाराआड उभी होते. घरची गाडी नाही हे मला माहीत होतं. तरीही माझ्या अंगावर काटा आला तो आनंदाचा. आज लिहिताना त्या काट्याची जितकी लाज वाटते, तितकी पुढच्या कशाचीच वाटत नाही.

नंतर मी काकाला विचारलं. तो म्हणाला, "अगं, सायबाशी बोललोय मी फोनवर. वापर म्हनाला. मग घरचीच झाली ना?" मी मान डोलावली. मला डोलवायचीच होती.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात एका पहाटे काका गाडी घेऊन आला. अंगणात लावून वर टाकलेली ताडपत्री उजाडल्यावर काढली आणि आई म्हणाली, "अगं बाई, ही पांढरी?" आंब्याचा चीक थेंबाथेंबानं पडून काळा झाला होता. पाखरांची शीट वाळून चुन्यासारखी बसली होती. काचांच्या रबरात हिरवं शेवाळ. काका म्हणाला, "वंदे, बंगल्यावरची पितळ तू आरशावानी करतेस. ही कर." आणि गाडीची चावी ओट्यावर टाकून चहा प्यायला गेला.

गॅरेज सोडा, अंगणात हातभर सावली नव्हती. पहिल्या दिवशी मी तेच केलं जे आज एखाद्या पोरानं केलं तर त्याला दुकानाबाहेर काढीन. भर उन्हात साबणाचं पाणी मारलं. टप तव्यासारखा तापलेला. पाणी पुसायच्या आत वाळलं आणि पांढरे डाग धरून बसलं. डिकीत पॉलिशचा जुना डबा सापडला, ते लावलं तर पापडासारखं चिकटलं, निघेना. मी रडायच्या बेतात. मग संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या बाबा म्हणाले, "डोंगराची सावली वापर की." सगळ्या प्रकरणात बाबा माझ्या बाजूनं बोलले ते एवढंच एक वाक्य.

आमच्या पूर्वेला डोंगर आहे. आजूबाजूच्या गावांत ऊन येऊन बसलं तरी आमच्या अंगणात ते उशिरा उतरतं. दुसऱ्या दिवसापासून मी उजाडायच्या आधी उठू लागले. डोंगराची सावली अंगणातून मागं सरकत जाई, तिच्याबरोबर मी गाडीभोवती सरकत जाई. जो भाग सावलीत तेवढाच घ्यायचा, ऊन पोचलं की सोडून द्यायचा. पत्रा थंड आहे का ते तळव्यानं नाही, हाताच्या पालथ्या बाजूनं बघायचं, हे मी तेव्हाच शिकले. उरलेल्या भागावर ओली गोधडी टाकून ठेवायची. माझं काम संपलं की काका अख्ख्या गाडीवर ताडपत्री टाकी, धुळीसाठी म्हणे. चीक रॉकेलच्या बोळ्यानं, हलक्या हातानं. पत्र्याला खरखर लागे, ती कणकेच्या ओल्या गोळ्यानं टिपून घेतली. शेवटी आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा आणि पॉलिश, गोल गोल, छोट्या छोट्या जागेत. आळीतल्या बायका पाण्याला जाताना थांबायच्या. "वंदे, नवऱ्याला घासायला ठेव गं थोडी ताकद!" एक म्हणायची. दुसरी म्हणायची, "ही नवरी हाय का गाडीची मोलकरीन?" मी हसायची. एके सकाळी गाडीच्या दारात मला माझं तोंड दिसलं, अगदी कपाळावरच्या टिकलीसकट. माझं लग्न त्या क्षणी झाल्यासारखं मला वाटलं.

हळदीच्या आदल्या दिवशी मांडव उभा राहिला. चार कोपऱ्यांना वासे, वर जांभळीचे आणि आंब्याचे डहाळे. आमच्या अंगणाच्या जन्मात पहिल्यांदा सावली पडली. काकानं रस्त्याकडच्या बाजूचे वासे लांब रोवायला लावले आणि गाडी थेट मांडवात आणून उभी केली. "वर नको तापायला आनि भाईरनं नको कुनी चोंबडेपना करायला," तो म्हणाला. मी त्या सावलीत अख्खी गाडी पुन्हा एकदा पुसून काढली. सावलीत पॉलिश कसं लोण्यासारखं फिरतं ते मी तिथं पहिल्यांदा अनुभवलं. माझ्या धंद्याचं शिक्षण माझ्याच लग्नाच्या मांडवात झालं.

आमच्याकडं सकाळी घरची हळद लागते, आणि दुपारी नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद त्याच्या घरून येते, ती लागली की नवरी पुरी हळदीची झाली. सकाळी धवलारीण आली. धवले, म्हणजे लग्नाच्या विधींची गाणी, गाणारी ती म्हातारी डोळे मिटून गायची. बायकांनी हळद कालवली, तेलात, घट्ट. माझं तोंड, हात, पाय सगळं पिवळं झालं. आणि मग माझ्या बाबांची बहीण, पारूआत्या, उठली. तिचे दोन्ही तळवे हळदीनं भरलेले. "गाडी लय चमकतीय गं, दृष्ट लागंल," असं म्हणून तिनं टपावर सपकन हाताचा ठसा उठवला. पाची बोटं, स्वच्छ. बाकीच्या बायका कशाला मागं राहतील? घरात नवी वस्तू आली की हळदीचा हात उठवायचा, ही रीतच. दारावर, टपावर, काचेवर हात उठले. मला ओढत नेऊन माझाही हात उठवला, चालकाच्या दारावर. मीही उठवला. मला ती गाडी कधी नव्हे इतकी सुंदर दिसत होती.

तेवढ्यात कर्जतहून फुलं घेऊन काका आला. गाडी बघितली आणि हातातली पाटी त्यानं तिथंच टाकली.

"कुनी केलं हे? पुसा! आदी पुसा म्हनतो ना!"

"अरं शुभ असतं रं दत्तू," पारूआत्या म्हणाली. "तुझीच गाडी ना? का भाड्याची हाय?" बायका हसल्या.

काका हसला नाही. त्यानं माझ्याच फडक्यानं पुसायला घेतलं. तेल निघालं, पिवळं निघेना. तो आत गेला आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी घेऊन आला. आई "भावजी, नको" म्हणेपर्यंत त्यानं ते टपावर ओतलं. हळदीवर सोडा पडला की काय होतं ते कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. पिवळे हात लाल झाले. एकेक करून, डोळ्यांदेखत, पांढऱ्या पत्र्यावर रक्तासारखे लालभडक हात उमटले. हसणाऱ्या बायका मागं सरकल्या. धवलारीण डोळे मिटून गात होती म्हणून तिचा तेवढा आवाज.

आई पुढं झाली. "भावजी, उन्हात काढा गाडी. दोन उन्हात रंग उडून जाईल. हळद उन्हाला टिकत नाय."

"उन्हात काढून गावाला दाखवू?" काका दातओठ खात म्हणाला. "शेजारच्या बंगल्याचा माळी दिसातनं दोनदा हितनं जातो. वळखंल ना!"

बोलून गेल्यावर त्याला कळलं, तो काय बोलला ते. मलाही कळलं. साहेबांशी फोन झालेला नव्हता. आयुष्यभर ज्या अंगणात आम्ही सावलीसाठी तडफडलो, त्या अंगणात आता दोन दिवसांचं ऊन हवं होतं, आणि तेच आम्हाला घेता येत नव्हतं. माझा हात दारावर लाल झाला होता. मी माझ्या तळव्याकडं बघितलं. तो पिवळाच होता.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. उष्टी हळद आली. पुढं मुलाचा मामा, मागं ताट घेतलेल्या करवल्या. मामा मांडवात शिरला आणि गाडीपाशीच थबकला.

"हे काय हो?"

"हळद हाय, पाव्हणं," काका म्हणाला. "जरा सोडा लागला. पुसतोय."

मामानं मिशीवरून हात फिरवला. सावकाश बोलणारा माणूस, सावकाशच बोलला. "पुसता कशाला? आमच्या ट्रॅक्टरवर दसऱ्याचे हात हायत, पावसानं सुदीक जाऊ नयेत म्हनून आमी जपतो. आपल्या गाडीवरची हळद कुनी सोड्यानं धुतो का?" मग विचारलं, "गाडी कुनाची हाय?"

एवढाच प्रश्न. मी आजवर हजार सौदे केले असतील, पण इतका नेमका प्रश्न मला कधी सुचला नाही. उत्तर सोपं होतं. सायबाची हाय, माझी चूक झाली, पोरीचं काय नाय त्यात. मामा ऐकून घेणारा माणूस होता. त्यानं गाडी मागितलीच कुठं होती? मी काकाकडं बघत होते. त्यानं बाबांकडं बघितलं, मामाकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं बोट केलं.

"मला काय ठाव? ती बंगल्यावर झाडायला जाते. चावी तिनंच आनली. आठवडाभर तीच घासत बसलीय, विचारा आळीला. मला म्हनाली सायबानं दिलीय. मी गरीब मानूस, इश्वास ठेवला."

आळीला विचारायची गरजच नव्हती. आळीनं मला रोज पहाटे घासताना बघितलं होतं. ज्या बायका थट्टा करत होत्या, त्या आता माझ्याकडं बघत नव्हत्या. चालकाच्या दारावरचा लाल हात माझ्याच मापाचा होता. मी बाबांकडं बघितलं. त्यांनी हात जोडले होते, पण कुणाला, ते कळत नव्हतं. मला ओरडायचं होतं. पण हळद लागलेल्या मुलीनं मोठ्यानं बोलायचं नसतं, पाटावरून उठायचं नसतं, असं सकाळपासून प्रत्येकीनं मला बजावलं होतं. मी पाटावर बसून राहिले. माझ्या रागाबद्दल आज लोक कुरकुरतात ना, त्यांना सांगते, तो त्या पाटावर गिळलेला राग आहे. अजून पुरतोय.

मामा मला काही वाईट बोलला नाही. बाबांना म्हणाला, "दादा, गाडी नसती तरी चाललं असतं." आणि करवल्यांना ताट घेऊन मागं फिरायला सांगितलं. जीप वळली. झाकलेलं ताट तसंच परत गेलं. बायका एकेक करून उठल्या. आणि धवलारीण? धवला अर्धा सोडायचा नसतो. तिनं डोळे उघडून रिकामा मांडव बघितला, पुन्हा मिटले, आणि हळू आवाजात उरलेला धवला पुरा केला. मी एकटी पाटावर, ती एकटी गात.

दुसऱ्या दिवशी लपवायचं काही उरलंच नव्हतं. गाडी उन्हात काढली. आई म्हणाली होती तसंच झालं. लाल फिकं पडलं, मग पिवळसर झालं, मग नुसती शंका उरली, मग तीही गेली. गाडी इतकी स्वच्छ झाली की बघवेना. माझ्या अंगावरची हळद मात्र आईनं आंघोळी घालूनही बरेच दिवस नखांत राहिली. काका गाडी घेऊन गेला. पावसाच्या आधी साहेब आले, गाडी बघून खूश झाले, कुणी केली म्हणून विचारलं. काका म्हणाला, मी. हे मला साहेबांच्या स्वयंपाकिणीनं सांगितलं. मी पुन्हा त्या बंगल्यात पाय ठेवला नाही.

मांडव कुणी सोडेना. सोडायचा तर विधी करून सोडायचा, आणि विधी कशाचा करायचा? डहाळे वाळले, पानं गळली, सावली विरत गेली. तिच्याखाली मी पहिली गाडी घासली, कशेळ्याच्या एका जीपवाल्याची. आई आत तोंड फिरवून बसली होती. लेकीच्या मांडवात परक्याची गाडी धुतली जातेय, हे रस्त्यानं जाणारे थांबून बघत. मी मान खाली घालून घासत राहिले. दुसरीकडं सावलीच नव्हती, करणार काय? पुढं माझं लग्नही झालं, चांगलं झालं, पण नोंदणी करून. हळद लावू दिली नाही. बाबा गेले तेव्हा त्यांच्या हाताला कोंड्याचा वास होता. त्या दिवसाबद्दल ते शेवटपर्यंत बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

लग्नसराईत आजही दुकानात हळदीचे हात उठवलेल्या गाड्या येतात. पोरांना मी त्यांना हात लावू देत नाही. स्वतः बाहेर नेते, उन्हात उभी करते, आणि आत येऊन बसते. पोरं म्हणतात, ताई, तूच सांगतेस गाडी सावलीत घ्यायची. मी त्यांना कारण सांगत नाही. एवढ्या वर्षांनी, आपल्याच दुकानात, लाज वाटते.

हे सगळं आता लिहायला बसले, कारण गेल्या आठवड्यात दत्तूकाकाचा मुलगा दुकानात आला. काकाच्या नातीचं लग्न आहे. काका म्हातारा झालाय, पण घरातला वडीलधारा म्हणून मांडवात पाटावर तोच बसणार. मुलगा म्हणाला, "ताई, आप्पांनी खास सांगितलंय. नवरीची गाडी तुझ्याकडनंच चमकवून पायजे. पांढरी हाय."  त्याला काहीच माहीत नव्हतं, किंवा त्याला तिसरी तऱ्हा माहीत होती, हळदीची.

दत्तूकाका, गाडी पाठवते. चमकवूनच पाठवते, तुझ्या नातीचा यात काय दोष? गाडीवर कुणी हळदीचे हात उठवले तर उठवू दे, आणि सोडा कुणाला आणू देऊ नकोस. मी स्वतः येईन, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कुणाच्या हळदीला. धवला पुरा होईपर्यंत गप्प बसेन. मग पारूआत्याच्या सुना, आळीतल्या म्हाताऱ्या, तुझी पोरं, सगळे असताना एवढंच विचारीन: बंगल्यावरची चावी कुणी आणली होती? तुला हल्ली कमी ऐकू येतं म्हणे. काही हरकत नाही. आता माझ्या अंगावर हळद नाही, मी मोठ्यानं विचारीन. उत्तर दे.